मावशीच्या खाणावळीत पोळी नव्हती

गव्हाचं नुसतं नाव निघालं तरी मावशीचं तोंड कडू व्हायचं. चाकणला तिच्या खाणावळीत आम्ही कंपनीतली पोरं जेवायचो. ज्वारी, बाजरी, भात. पोळी कधीच नाही. नव्या कोणी मागितलीच तर म्हणायची, "पोळी पायजे? माझ्या सासूकडं जा. ती खाऊ घालून मारती."

ही थट्टा नव्हती. बाळंतपणानंतर मावशी वाळत गेली होती. सारखे जुलाब, फुगलेलं पोट, मूठमूठ गळणारे केस. सासू ताटात पोळ्या वाढायची आणि गावभर सांगायची, "खाती बैलावानी, पन अंगी लागत न्हाई. मनच काळं हाय." शेवटी तान्ही मुलगी ठेवून घेऊन हिला माहेरी धाडलं. नवरा खाली मान घालून उभा राहिला.

पुढे पिंपरीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून तिचं लहान आतडं तपासलं. आमटी वाढता वाढता मावशी आम्हाला ते सांगायची. "आतड्याला आतून मखमलीवानी बारीक बोटं असत्यात. पाचकरस अन्नाचं पार पाणी करत्यात, अन् ती बोटं त्यातलं सत्त्व रगतात ओढत्यात. माझी बोटं गव्हानं झिजून सपाट झालती. खाल्लेलं नुसतं वाहून जायचं."

गहू सुटला, मावशी अंगानं भरली. राग मात्र निवला नाही. खाणावळ तिनं मुद्दाम सासरच्या वाटेवर काढली.

एका दुपारी सासूच दारात आली. सोबत मावशीची मुलगी, आता आठ-दहा वर्षांची, हातापायाच्या काड्या झालेली.

"तुझ्यावानीच झालंय गं हिला."

"मग हिचंबी मन काळं का? बोला आत्याबाई, मोठ्यानं. सगळी ऐकत्यात."



"न्हाई. चुकलं माझं," म्हातारी म्हणाली.

मावशीनं मुलीला आत ओढलं आणि म्हातारीच्या तोंडावर दार लावलं. दुसऱ्याच दिवशी मुलीला त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दुखणं तेच निघालं. मुलगी आईजवळच राहिली, हळूहळू अंग धरू लागली.

म्हातारी रोज समोरच्या टपरीपाशी उन्हात बसायची. मुलगी एकदा पाण्याचा तांब्या घेऊन उठली.

"खाली बस," मावशी म्हणाली. "मीबी तुला अशीच लांबून बघायची."

मी जेवून बाहेर पडलो, तशी म्हातारीनं हाक मारली. "बाबा, जेवती का रं ती नीट?"

"जेवते," मी म्हणालो.

मावशीनं ते दारातून ऐकलं. मला पोटच्या पोरासारखं वाढणारी ती बाई. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यापुढे ताट मांडलं नाही. त्यानंतर कधीच नाही.