सातवा ठोका

नासिरच्या स्पीकरचं नाव माझ्या गुडघ्यांपुढे काढू नका. २००३च्या उन्हाळ्यात आम्ही तीन रविवार पुण्यातली दुकानं पालथी घातली. बरोबर त्याने स्वतः बांधलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, ट्रान्सफॉर्मरसकट अकरा किलो. दुकानदाराच्या मशिनवर स्पीकर ऐकायला साहेब तयार नाहीत, म्हणून ते धूड रिक्षात घालायचं, एका बाजूने मी धरायचं. शाळेपासूनची दोस्ती, तक्रार तरी कुणाकडे करणार?

कसबा पेठेत, तांबट आळीच्या तोंडाशी, नासिर चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करत बसला. शेजारी सायबर कॅफे आलं, नासिरचं गिऱ्हाईक आटलं. पण आवाजाचं काहीही असलं की पेठ अजून म्हणायची, नासिरला ऐकवा. त्याच्या कानाने नाही म्हटलं की विषय संपला. तेवढाच मान उरला होता आणि त्यावर तो जगत होता.

मुलगी शबनम सॉफ्टवेअर कंपनीत लागली. "अब्बा, जुने स्पीकर फाटलेत. नवे घ्या, मी आणते," म्हणाली. पण आणणार कसे? अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम आठ वॅटचा. दुकानातले बोजड स्पीकर त्याला हलत नाहीत, त्याला थोडक्या ताकदीत मोकळं बोलणारे लागतात. ते निवडणार नासिरच.

परीक्षाही त्याची स्वतःची. गाणं लावायचंच नाही. वीस वर्षांपूर्वी त्याने आळीतल्या तांबटाचं काम टेप केलं होतं. हंड्याच्या पोटावर सहा ठोके, सातवा काठावर. सातव्यानंतर एक बारीक, तीक्ष्ण नाद उठतो. तो विरेपर्यंत ऐकू आला तर स्पीकर पास.

एकही पास होईना. "ठोका आहे, नाद नाही," एवढंच बोलून तो कॅसेट काढून घ्यायचा. विक्रेते माझ्याकडे बघायचे, मी छताकडे. मला तर नाद ऐकू येत होता. पहिल्या रविवारी वाटलं, आपल्याला काय कळतंय. दुसऱ्या रविवारी कळलं, दोष स्पीकरचा नाही. चाळीस वर्षं त्या ठोकाठोकीत बसलेल्या माणसाचे कान ते. पण हे त्याला सांगायचं कुणी? मी भित्रा, गप्प बसलो.

तिसऱ्या रविवारी नासिरची बायको, सकीनाभाभी, बरोबर आल्या. रोजची कुरकुर ऐकून त्या कंटाळल्या होत्या. टिळक रोडवरच्या दुकानात कॅसेट सुरू झाली. सहा ठोके झाले, सातवा पडला.

"नाद ना..." म्हणत नासिर वळला आणि थांबला. भाभींनी ओढणी कानावर धरली होती. तो तीक्ष्ण आवाज त्यांना कधीच सोसला नाही. घरीही त्या असंच करायच्या.

नासिरने टेप मागे नेली, पुन्हा लावली. या वेळी तो स्पीकरकडे नाही, भाभींकडे बघत होता. सातव्याला ओढणी पुन्हा वर गेली. मग त्याने जोडी बदलायला लावली. तिथेही गेली.

तो स्टुलावर बसला. 

"तुलाही ऐकू येत होता?" त्याने मला विचारलं.

"हो."

"तिन्ही रविवार?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

मी पुन्हा छताकडे बघितलं. त्याची आजही लाज वाटते.

"सकीना," तो म्हणाला, "यातला कुठला घेऊ?"

लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. आवाजाबद्दल त्याने त्यांना पहिल्यांदाच विचारलं. भाभींनी घाबरतच पहिल्या जोडीकडे बोट दाखवलं. तीच आली.

परवा त्याच्याकडे गेलो होतो. कोणीतरी जुना रेकॉर्ड प्लेयर दुरुस्तीला आणला होता, तो लावून बघत होते. खोलीत दोन खुर्च्या. भाभींची स्पीकरकडे तोंड करून. नासिरची भाभींकडे.