गाडीचा गणवेश

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे भोंगाशेठ म्हणतात. शेठ कुठले, डोंबलाचे! खाली गॅरेज, वर दोन खोल्या आणि जिन्याला कायम जळक्या ऑइलचा वास. भोंगा मात्र खरा. हे बोलायला लागले की समोरचा लॉन्ड्रीवाला इस्त्री बाजूला ठेवतो, कारण दुसरं काही ऐकूच येत नाही.

ह्यांचा धंदा जुन्या गाड्यांना हेडर बसवायचा. लग्नाआधी हेडर खातात की नेसतात हे मला ठाऊक नव्हतं, आता झोपेतून उठवून विचारा. इंजिनातून जळका धूर निघतो, तो गोळा करायला कंपनी एक बिडाचा तुकडा लावून देते. जाडजूड, ठेंगणा. त्यातून धूर रेटारेटी करत बाहेर पडतो. हे तो तुकडा काढतात आणि तिथे स्वतः वाकवलेल्या चार लांब नळ्या बसवतात, पुढे एका तोंडात आणून जोडलेल्या. तेच हेडर. मग म्हातारी गाडी अशी सुटते की मालक स्वतःचं वय विसरतो आणि घरी गेल्यावर कंबर धरून बसतो.

नळी वाकवावी तर ह्यांनीच. हे मी बायको म्हणून सांगत नाही, बायको म्हणून मला ह्यांचं फारसं काही आवडत नाही. नळीत कोरडी वाळू ठासतात, तापवतात आणि मग वाकवतात, म्हणजे वळणावर ती चपटी होत नाही. वेल्डिंगच्या जोडावरून बोट फिरवलं तर जोड कुठे आहे ते कळत नाही. आता हे कौतुक दुसऱ्या कोणी करावं ना? पण ते काम हे कोणावर सोडत नाहीत. "माझ्यासारखा हात कंपनीत नाही गं, कंपनीत!" हे वाक्य मी इतक्या वेळा वाढलेल्या ताटासमोर ऐकलंय की आमच्या पातेल्यांनाही पाठ झालं असेल.

आणि एवढा हा भोंगा, पण समोर शिक्केवाला माणूस आला की शेळी. मीटर बघायला येतो त्यालासुद्धा 'साहेब' म्हणतात आणि स्वतःची खुर्ची पुसून देतात.

तर शिक्केवाल्यांचंच सांगते. जुन्या गाड्यांची दरवर्षी धुराची तपासणी होते. तपासणीच्या आदल्या दिवशी गिऱ्हाईक गाडी घेऊन येतं. हे हेडर उतरवतात, मांडणीवरून त्या गाडीचा मूळ बिडाचा तुकडा काढतात आणि तो चढवतात. तपासणी झाली की परत उलटं. ह्याला आमच्या गल्लीत 'गणवेश घालणं' म्हणतात. मांडणीवर प्रत्येक तुकड्यावर खडूने लिहिलेलं असतं: दाताचे डॉक्टर, बेकरी, खडूस मास्तर. हेडर घालून गाडी नेली तर खरंच नापास होते का, हे कोणी बघितलेलं नव्हतं. नेतंय कोण मरायला!

आता आमची स्वतःची व्हॅन. सासऱ्यांनी घेतलेली. ह्यांनी आयुष्यातलं सगळ्यात देखणं हेडर तिलाच केलं, आणि नवं गिऱ्हाईक आलं की आधी तिचं बॉनेट उघडून दाखवतात. नळ्या आणायला तीच, मला माहेरी न्यायला तीच, आणि आमचं भांडण झालं की हे रुसून जाऊन बसतात तेही तिच्यातच. यंदा ती गणवेश घालून गेली आणि नापास झाली. ह्यांनी प्लग बदलले, फिल्टर बदलला, पेट्रोलपंपवाल्याचा उद्धार केला. पुन्हा गणवेश, पुन्हा नापास. नियम असा की तिसऱ्यांदा नापास झाली तर नंबरप्लेट काढून घेतात आणि गाडी तिथूनच भंगारात जाते. ह्यांचं जेवणावरून मन उडालं. भोंगा असा बंद पडला की लॉन्ड्रीवाला चौकशीला वर आला.

मी म्हटलं, "अहो, एकदा हेडर घालूनच नेऊन बघा की."

"तुला काय कळतंय त्यातलं? तोंडावर पडू!"

"दोनदा पडलोच आहोत. आता आणखी कुठे पडायचं राहिलंय?"

ऐकतील तर शपथ. तिसऱ्या तपासणीच्या आदल्या दुपारी पुन्हा तोच गणवेश चढवायला बसले. मी वर कपडे घड्या करत होते. खालून कटकन आवाज आला आणि मग काहीच नाही. ह्यांनी शिवी दिली नाही म्हणजे काहीतरी भयंकर झालंय, हे ओळखून मी धावत खाली गेले. हे फरशीवर बसलेले, दोन हातांत बिडाचे दोन तुकडे.

"जास्त आवळलात ना?"

"नाही गं." त्यांनी तुटलेली कड माझ्यासमोर धरली. अर्धी कड ताजी, चकचकीत. अर्धी काजळीने काळीकुट्ट. "ही फट आजची नाही. कधीपासूनची आहे, देव जाणे."

मग मला सगळं समजावून सांगितलं, अगदी हळू आवाजात. त्या फटीतून बाहेरची हवा आत शिरत होती. धूर हुंगणारा सेन्सर पुढेच बसवलेला, त्याला वाटायचं की इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. तो आणखी पेट्रोल सोडायला लावायचा. बिचारी व्हॅन पोट फुटेपर्यंत पीत होती आणि ओकत होती. म्हणजे दोन्ही वेळा नापास झाला होता तो गणवेश, आणि ह्यांचं सोन्यासारखं हेडर खाली फरशीवर पडलेलं होतं. मला हसू आलं. येऊ नये अशी वेळ होती, पण आलं त्याला काय करू!

तसा तुकडा आता बाजारात मिळत नाही. दुसरा इलाज नव्हता, हेडरच चढवलं. सेन्सर त्याच्या जागी, धूर स्वच्छ करणारा डबा त्याच्या जागी. तो डबा चांगला तापला तरच काम करतो, म्हणून ह्यांनी नळ्यांना उष्णता धरून ठेवणारी पट्टी गुंडाळली आणि सकाळी उगाचच शहराबाहेर लांब चक्कर मारून आणली. मी शेजारी बसून. तपासणीच्या रांगेतही इंजिन बंद केलं नाही. ह्यांची पाचावर धारण बसलेली. मी मात्र वेळ जाईना म्हणून भिंतीवरचा बोर्ड वाचून काढला. त्यावर एवढंच होतं की धूर मोजणार आणि डबा जागेवर आहे का ते बघणार. नळ्या कोणी वाकवल्या ह्याची तिथे कोणाला काही पडलेलीच नव्हती. इतकी वर्षं इथे येऊन ह्या माणसाने तो बोर्ड वाचला नव्हता, कप्पाळ माझं!

साहेबांनी मागे नळी खुपसली. आकडे आले. त्यांनी चष्मा वर केला, यंत्राला एक टपली मारली आणि पुन्हा मोजलं.

"पास," ते म्हणाले. "नव्या गाड्यांचा धूरही इतका कमी नसतो."

मग डबा बघायला बॉनेट उघडलं, टॉर्च मारली आणि तिथेच वाकून राहिले. बराच वेळ. हे माझ्या शेजारून उतरून पुढे जाऊन उभे राहिले, हात मागे बांधून.

"काय सुरेख काम आहे हो! कोणी केलं?"

मी खिडकीतून मान बाहेर काढली. आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट बघितली तो प्रश्न आला होता, तोही शिक्केवाल्या माणसाकडून. बोला की आता! फोडा भोंगा!

"कंपनीचं आहे, साहेब," हे म्हणाले.

"वाटलंच," साहेब शिक्का मारत म्हणाले. "गल्लीबोळातल्या मेकॅनिकला हे जमणार नाही."

"नाहीच जमायचं, साहेब."

फाटकाबाहेर येईपर्यंत मी दम धरला, मग सोडलंच नाही. "अहो, जीभ झडली होती का? घरी माझे कान किटवता आणि तिथे? कंपनीचं? कोणती कंपनी? मी आणि तुम्ही?"

पुढच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा हे स्टिअरिंगवरची बोटं बघत म्हणाले, "कंपनीचं वाटलं गं त्याला. बघून, वाकून, टॉर्च मारून... कंपनीचं वाटलं."

हे म्हणताना हसत होते आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते. मी बघतेय हे दिसल्यावर म्हणाले, धूर गेला डोळ्यांत. ह्या गाडीत धूर नाही असा सहीशिक्क्याचा कागद माझ्या मांडीवर होता. मी तो उलटा करून ठेवला आणि खिडकीची काच वर केली.