अण्णांचा ओटीपी धाकटीला येतो

माझ्या वडिलांचा ओटीपी माझ्या धाकट्या बहिणीच्या मोबाइलवर येतो. वाक्य साधं आहे, पण लिहितानाही माझ्या पोटात दुखलं. अण्णा राहतात माझ्याकडे, डोंबिवलीत. त्यांच्या गोळ्या मला पाठ, त्यांच्या चपलेचं माप मला माहीत, कुठल्या भाजीला नाक मुरडतील तेही माहीत. धाकटी राहते ठाण्याला, घोडबंदरच्या बाजूला. येते रविवारी, तेही जमलं तर. पण अण्णा हे अण्णाच आहेत असं बँकेला किंवा दवाखान्याला पटवायचं असलं की ते सहा आकडे जातात तिच्याकडे. मग मी तिला फोन करायचा आणि मागून घ्यायचे.

हे असं का झालं ते सांगायचं तर अण्णा आणि सरकार यांच्या भांडणापासून सुरुवात करायला हवी.

अण्णा कोषागारात होते, ठाण्याला. जन्मभर सरकारचं मीठ खाल्लं, पण सरकारवर काडीचा विश्वास नाही. ते म्हणायचे, "बाहेरच्या माणसाला वाटतं आत कोणीतरी मोठं बसलंय. मी आत बसलेलो आहे. आत आपल्यासारखीच माणसं असतात, म्हणून तर काळजी." तिथल्या तिजोरीला दोन कुलपं असत आणि दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. दोघं समोर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. हा नियम अण्णांनी घरीही लावला होता. कपाटाची किल्ली आईकडे, आतल्या लॉकरची त्यांच्याकडे. आईला कुणाच्या लग्नात पाटल्या घालायच्या असल्या तर अण्णा घरी असायला लागायचे. आई चिडायची, "मी काय चोर आहे?" अण्णा शांतपणे म्हणायचे, "चोर मीही नाही. नियम चोरासाठी नसतो." आई गेल्यावर कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. लॉकरची त्यांनी स्वतःकडेच ठेवली.

आधार आलं तेव्हा आमच्याकडे महापालिकेच्या शाळेत टेबलं मांडली होती. सोसायटीच्या गेटजवळच्या कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. एक काका म्हणाले, बोटांचे ठसे गुन्हेगारांचे घेतात. दुसऱ्यांना कोणीतरी सांगितलेलं की डोळ्यात लाइट मारतात आणि मोतीबिंदू लवकर होतो. तिसऱ्यांचे दोन फ्लॅट होते, ते काहीच न बोलता सगळ्यांत जास्त घाबरलेले. गेटवर मासळीची पाटी घेऊन बसणारी मावरंवाली मावशी तर सरळ म्हणाली, "माझे सासऱ्यानं एक आंगठा दिला, न् खाडीवरची जमीन गेली. आता धाई बोटां मांगतान!" त्यावर सगळे हसले आणि मग एकेकजण आपापला अंगठा बघायला लागला.

अण्णांचं म्हणणं वेगळं होतं. "किल्ली हरवली तर कुलूप बदलता येतं. माझं बोट यांच्याकडून हरवलं तर मी काय बदलू?" खरं सांगायचं तर मला ते पटायचं, आणि आजही पटतं. लोक मान डोलावून म्हणायचे, अण्णा, तुम्ही सांगाल तसं. आणि दुसऱ्या दिवशी एकेकजण गुपचूप रांगेत जाऊन उभा राहायचा. दोन फ्लॅटवाले काका सगळ्यांत आधी गेले. मावशीसुद्धा गेली, रेशनसाठी. अण्णांना कोणी सांगितलं नाही. बिल्डिंगमध्ये सगळ्यांची कार्डं लॅमिनेट होऊन त्यांचे कोपरे उसवायला लागले, तरी अण्णा आपले एकटे लढतच होते.

एकटे कसले, मी होते ना निस्तरायला! गॅसवाला आधार मागायचा, बँक मागायची, मोतीबिंदूच्या तपासणीला दवाखान्याने मागितलं. प्रत्येक खिडकीवर मी हात जोडून सांगायचं, वडिलांनी काढलेलं नाही, दुसरं काही चालेल का? खिडकीतला माणूस माझ्याकडे असा बघायचा, जसं काही मी वडीलच चोरून आणलेत. आणि दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची वारी. पेन्शनचं खातं ठाण्याच्या बँकेत, ते हलवायचं नाही. गुडघे कुरकुरत असले तरी बसने, रिक्षाने ठाण्याला जायचं आणि साहेबांसमोर सही करायची. "मी अजून आहे हे मी स्वतः जाऊन सांगणार. बोट कशाला सांगेल?" परत येताना त्यांना धरून जिना चढवायचा तो मीच.

सात वर्षं मी त्यांच्या मागे लागले. गोड बोलून झालं, रागावून झालं, एकदा जेवणही सोडून बघितलं. त्यांनी माझं ताट झाकून ठेवलं आणि स्वतः जेवले.

मग एका रविवारी धाकटी आली. गाडी घेऊन. म्हणाली, अण्णांना जरा फिरवून आणते, ठाकुर्लीच्या बाजूला नवीन रस्ता झालाय. मी खूश झाले, म्हटलं दोन तास पाठ टेकता येईल. दोघं परतले ते मिसळ खाऊन, हसत हसत. धाकटीच्या हातात एक पावती होती. अण्णांनी आधार काढलं होतं! दहाही बोटं देऊन, डोळे देऊन, फोटोत भांग पाडून.

त्या दिवशी मला काय झालं ते मी लपवणार नाही. माझा जळफळाट झाला. आनंद व्हायला हवा होता, सात वर्षांचं संकट टळलं होतं, पण मला तिची ती पावती फाडून टाकावीशी वाटली. राब राब राबले मी, आणि ही बया एका मिसळीत काम करून गेली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. धाकटी लहानपणापासून अशीच. अभ्यासाला मी बसवायचं आणि पेढे अण्णांनी तिच्या हातून वाटायचे.

ती गेल्यावर मी अण्णांना विचारलं, "मी सात वर्षं काय गाणी म्हणत होते?"

अण्णा चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "तुझ्याशी सात वर्षं भांडलो. तुझ्याबरोबर कसा जाणार?"

"मग तिने कसं पटवलं?"

"तिने कुठे पटवलं? मीच म्हटलं तिला, चल. गेल्या नोव्हेंबरात जिन्यात तुला दम लागला होता."

दुसऱ्या कोणाला हे ऐकून भरून आलं असतं. माझ्या डोक्यात फक्त एवढंच राहिलं की 'चल' हे ते तिला म्हणाले. मला म्हणाले असते तर मी गॅसवरची आमटी तशीच टाकून निघाले असते.

आणि खरा दणका पुढेच होता. कार्ड आलं, मी बँकेत नेलं, तिथल्या मुलीने विचारलं, ओटीपी आला का? मी माझा मोबाइल काढला. काही आलं नाही. तिने पुन्हा पाठवला. नाही. तेवढ्यात धाकटीचा फोन. "ताई, अण्णांचा ओटीपी येतोय मला. तू आहेस का बँकेत?" अण्णांकडे मोबाइल नाही, आजही नाही. त्या रविवारी केंद्रावर नंबर विचारला तेव्हा त्यांनी तिचा दिला होता.

तेव्हापासून हा जाच सुरू झाला. मी फोन करायचा, ती मीटिंगमध्ये. मी खिडकीपाशी ताटकळत उभी, मागे रांग. मग तिचा फोन, "अगं ताई सॉरी, घे लिहून." आकडे मिळाले की मी फोन ठेवून द्यायची, थँक्यू नाही, काही नाही. कधी मी दुसऱ्या कामात अडकून उशिरा फोन केला तर तिचाच आधी यायचा, "ताई, आता ओटीपी कुठे मागितलास? दवाखान्यात का? अण्णा बरे आहेत ना?" म्हणजे अण्णांना खोकला झाला तरी तिला तिकडे कळणार. मला वाटायचं, ही वर बसून सगळं बघते. अण्णा ज्या सरकारला घाबरायचे ते दिल्लीत नव्हतंच, घोडबंदरला होतं. आमच्या यांना मी हे बोलून दाखवलं तर हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "फोन करायला एवढं काय जातं तुझं?" नवऱ्याला बहीण नसली की असं सुचतं.

शेवटी मी ठरवलं, नंबर बदलायचा. त्यासाठी अण्णांना घेऊनच जावं लागतं. धाकटीला कळवायचा प्रश्नच नव्हता. विठ्ठलवाडीजवळ एका केंद्रात गर्दी कमी असते असं कळलं, तिथे रिक्षाने नेलं त्यांना. मशीनवर एक मुलगी होती, बोलायला गोड.

"आजोबा, कुठला नंबर टाकू?"

"आहे तोच राहू दे," अण्णा म्हणाले.

"माझा टाका," मी म्हटलं, आणि नंबर सांगितलाही. आवाज जरा चढला असेल, कारण बाकावरची माणसं वळून बघायला लागली. अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हात पुढे केला.

पण मशीन त्यांचं बोट घेईना. मुलीने बोटं ओल्या कापडाने पुसली, दाबून ठेवा म्हणाली, उजवा हात झाला, डावा झाला. डोळे लावून बघितले, मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तेही जमेना. "आजोबा, वयामुळे झिजतात बोटं. पुढच्या आठवड्यात परत या, बघू."

अण्णांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "म्हणजे माझं बोट त्यांच्याकडे आहे, पण ते माझं आहे हे त्यांना ओळखता येत नाही! मी उगाच सात वर्षं घाबरलो." ती मुलगीही हसायला लागली. मी सोडून सगळे हसले.

रिक्षात मी बाहेर तोंड करून बसले होते. अण्णा म्हणाले, "कपाटाची किल्ली तुझ्याकडे आहे ना?"

"आहे."

"मग ओटीपी ही लॉकरची समज, ती तिच्याकडे असू दे. दोन्ही तुझ्याकडे ठेवल्या तर तुला धाकटी लागेल कशाला? आणि ती तरी येईल कशाला?"

मला कळलं त्यांना काय म्हणायचंय ते. कळून राग आणखी वाढला. म्हणजे इथेही विचार तिच्या येण्याचा! जी रोज आहे तिच्या असण्याचा विचार कोणी करायचा? घरी येऊन त्यांना चहा दिला आणि आतल्या खोलीत जाऊन मी धाकटीला फोन लावला. मनात साचलेलं सगळं बोलले. नंबर बदलायला गेले होते हेही सांगितलं. म्हटलं, राबायचं मी आणि किल्ली तुझ्याकडे, हे मला सहन होत नाही. पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे, तू मध्ये पडू नकोस.

तिने मागचा टीव्ही बंद केल्याचं मला ऐकू आलं.

मग म्हणाली, "ताई, अण्णा तुझ्याकडे आहेत. त्यांचा सकाळचा चहा तुझ्याकडे, त्यांची चिडचिड तुझ्याकडे. भांडायलासुद्धा त्यांना तूच लागतेस, माझ्याशी ते पाहुण्यासारखं बोलतात. माझ्याकडे त्यांचं काय येतं? सहा आकडे. तेही दहा मिनिटांत बाद होतात. एवढेसुद्धा तुला हवेत?"

भाजी करपेल असं म्हणून मी फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी विठ्ठलवाडीला गेले नाही. पाऊस होता, अण्णांचा गुडघा दुखत होता, अशी कारणं यांना सांगितली. धाकटीचा हेवा गेला असं मात्र कोणी समजू नये. तो आहेच. फक्त तिकडेही कोणी माझा इतका हेवा करत असेल हे मला जन्मात कधी सुचलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, ते कळल्यावर जरा बरंही वाटलं.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेने माणूस घरीच पाठवला. त्याने मशीन टेबलावर ठेवलं, बोट लागलं नाहीच. म्हणाला, ओटीपीने करू. मी फोन लावला. धाकटीने पहिल्याच रिंगला उचलला आणि आकडे सांगितले, दोन दोन करून. मी ते पहिल्यांदाच नीट ऐकले होते.

"आवाज तुटतोय," मी म्हटलं. "परत सांग."

तिने परत सांगितले. अण्णा पलंगावरून मान वर करून विचारत होते, "काय म्हणते ती?" मी फोन त्यांच्या हातात दिला. ते काय बोलत होते ते मी ऐकलं नाही, पण एकदा ते मोठ्याने हसले, आणि माझ्या पोटात दुखायचं ते दुखलंच. बँकेचा माणूस घड्याळाकडे बघत होता. तो म्हणाला, "मॅडम, ओटीपी बाद झाला."

"होऊ दे," मी म्हटलं. "दुसरा मागवा."