उघडे चोक आणि खंडेनवमी

आमच्या घरामागे म्हशींचा गोठा होता. म्हशी गेल्या, गोठा राहिला. तिथे मी भाजीची रोपं करते. ढबू मिरची, वांगी, टोमॅटो, कोबी. काळ्या ट्रेमध्ये नारळाचा भुसा भरायचा, एकेका खळग्यात एकेक बी टाकायचं आणि वर चिमूटभर भुसा पसरायचा. कागलकडचे शेतकरी येऊन रोपं घेऊन जातात. त्यांच्याशी बोलायचं काम सासूबाईंचं, मी त्यांना आत्या म्हणते. मी ट्रे पुढे सरकवते आणि मागे उभी राहते. परक्या माणसापुढे माझा आवाज निघत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण तेवढ्यातही बाई कविता म्हणायला उभं करायच्या तेव्हा माझे नुसते ओठ हलायचे. रोपांपुढे मात्र मी पुष्कळ बोलते. त्यांची अजून तक्रार आलेली नाही.

गोठ्याला खिडकी एकच. पावसाळ्यात आमच्याकडे ढग बसले की उठायचं नाव घेत नाहीत. मग रोप उजेड शोधत नुसतं उंच होतं, दोऱ्यासारखं, आणि ट्रे उचलला की मान टाकतं. मागच्या वर्षी अर्धी रोपं तशीच गेली. यंदाही श्रावणात तीच लक्षणं दिसायला लागली, तेव्हा धाकट्या दिरांनी मनावर घेतलं. ते मोबाईल दुरुस्त करतात, त्यामुळे जगातलं काहीही आपण दुरुस्त करू शकतो असं त्यांना वाटतं. रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियमचे दिवे काढून आता पांढरे लावलेत. ते जुने दिवे भंगारात पडले होते. त्यातले चार भावजी रिक्षातून घेऊन आले.

दिव्यांची वरची खोकी फुटलेली होती, म्हणून त्यांनी फक्त आतलं सामान आणलं. बल्ब, होल्डर, चोक, आणि दिवा पेटवायला व करंट साठवायला चोकबरोबर लागणारे छोटे इग्नायटर आणि कपॅसिटर. चोक म्हणजे लोखंडी पट्ट्यांची विटेएवढी जड गठडी, पोटात तांब्याच्या तारेचे वेढे. दिव्याला जाणारा करंट तो आवरून धरतो. रस्त्यावर तो डब्यात बंद असतो. आमच्याकडे आला तो उघडाच, तारा आवळायचे स्क्रूसुद्धा उघडे. भावजींनी एक जुनी फळी भिंतीला ठोकली, तिच्यावर चारी चोक ओळीने बसवले, तारा जोडल्या आणि बटण दाबलं. दिवे आधी जांभळट झाले, मग हळूहळू पिवळे, आणि गोठा हळद लावल्यासारखा दिसायला लागला. गल्लीतली माणसं बघायला आली. शेजारणीने लग्न कुणाचं म्हणून विचारलं.

रोपांनी आठवड्यात बाळसं धरलं. खोड जाड, पानं गडद. मला तर दिवसातून किती वेळा तिकडे जाऊ असं व्हायचं.

सासूबाईंना दुसराच शोध लागला होता. चोक तापतात. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून त्यांनी फळीच्या वर दोरी बांधली आणि नातवाचे ओले मोजे टांगले. आमच्या ह्यांनी ते बघितलं. ह्यांचा लेथचा छोटा कारखाना आहे, विजेशी खेळ त्यांना खपत नाही. मोजे काढून आईच्या हातात दिले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, उघड्या लोखंडाजवळ ओलं काही दिसता कामा नये. मग माझ्याकडे बघितलं.

"एकाला जरी झटका बसला, तर ह्या रोपांच्या खोलीचा गाशा गुंडाळायचा. आधीच सांगून ठेवतोय."

ते उगाच बोलत नाहीत. त्या दिवसापासून मी पाणी घालायचा झारा चोकच्या बाजूला नेलाच नाही. त्या कडेच्या ट्रेंना वाटीने पाणी घालायचे.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. कारखान्यात मेन स्विच खाली ओढतात, लेथ धुऊन पुसून हळदी-कुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात. नट आवळायचे पाने, पक्कड, हातोडी, सगळं पाटावर मांडतात आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. घरातली पूजा सासूबाईंची. शिलाई मशीन झालं, मिक्सर झाला, विळी झाली, गाडी झाली. मग त्या म्हणाल्या, दिव्यांनी यंदा रोपं वाचवली, त्यांचीबी पूजा पायजे.

त्यांनी स्वतः बटण बंद केलं. दिवे विझले. गोठ्यात मी सकाळीच पाणी घातलेलं, जमीन ओली होती. साडीचा काठ भिजू नये म्हणून त्यांनी लाकडी पाट ठेवला आणि त्यावर उभ्या राहिल्या. मी ताट धरून मागे. त्यांनी वाटीतल्या ओल्या कुंकवात पाच बोटं बुडवली आणि पहिल्या चोकवर टेकवली.

पुढचं फार पटकन झालं. त्यांचा हात असा मागे आला की जणू कुणी झटकून दिला. वाटी उडाली, भिंतीवर कुंकवाचा सडा पडला, आणि सासूबाई भुशाच्या पोत्यावर बसल्या. मी ताट टाकलं आणि त्यांना धरलं. त्या हाताकडे बघत होत्या, मग चोककडे, मग विझलेल्या दिव्यांकडे.

"बंद केलंतं की गं मी," त्या म्हणाल्या. "बंद हाय आणि मारतंय?"

मी घरात धावले आणि मेन स्विच खाली ओढला. परत येऊन त्यांना पाणी दिलं. हात हलत होता, बोटं जागच्या जागी होती, आणि थोड्या वेळाने त्या भावजींना नावं ठेवायला लागल्या तेव्हा माझ्या जिवात जीव आला. पण लगेच दुसरी धडकी भरली. ह्यांनी काय सांगितलं होतं ते दोघींनाही आठवत होतं. ट्रेमध्ये ढबूची रोपं चार पानांवर होती. अजून दोन आठवडे उजेड मिळाला नाही तर सगळी मान टाकणार होती. आणि खोली एकदा बंद झाली की परत उघडणार नव्हती.

सासूबाई म्हणाल्या, सांगायचं न्हाय त्येला. मी भिंतीकडे बघितलं. भिंत पुसता आली असती. पण उद्या त्या फळीवर कुणाचाही हात पडला असता.

हे कारखान्यातली पूजा आटोपून जेवायला आले. भावजीही आले. मी वाढत होते. सासूबाई नको नको म्हणून मला डोळ्यांनी खुणावत होत्या. मी भाकरी ताटात ठेवली आणि म्हटलं, "आत्यांना झटका बसला. दिव्यांच्या चोकचा."

ह्यांनी घास ताटात ठेवला. आईचा हात उलटसुलट करून बघितला. मग भावजींकडे नुसतं बघितलं, तर त्यांनी मान खाली घातली. मग हे म्हणाले, ठरलं होतं तसं, जेवण झाल्यावर सगळं काढून टाकायचं.

त्यावर मी जे बोलले ते आधी ठरवलेलं नव्हतं. आवाज मलाच माझा वाटला नाही.

"काढा. पण परत लावायला काढा. वायरमन बोलवा आणि नीट करून घ्या. खोली बंद करायची न्हाय, रोपं माझी हायत."

भावजी आमटीत काहीतरी शोधत होते. सासूबाई म्हणाल्या, "झटका मला बसला की न्हाई? मग माझंबी ऐक. मी काय मेली न्हाय. तुझ्या बापाच्या म्हशीनं मला दोनदा लाथ घातली, म्हणून काय म्हशी इकल्या व्हय आपण?"

ह्यांना हसू आलं आणि ते त्यांनी लपवलं. वायरमनला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "मालक, टेस्टर आणि पक्कड देवापुढं हायत. आज हात लावत न्हाय. उद्या सोनं लुटून झालं की येतो." ह्यांनी फोन ठेवला, त्यांचीही हत्यारं पाटावरच होती. तेवढा वेळ मेन स्विचजवळ कुणाला जाऊ दिलं नाही. घरात फ्रीजमधलं दूध नासलं. मी एकेक ट्रे उचलून अंगणात मिळेल त्या उजेडाला मांडला, आणि गल्लीतल्या कोंबड्या हाकलत बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वायरमन आला. टेस्टरवर कुंकू तसंच होतं. आपट्याचं पान सगळ्यांना दिलं, सासूबाईंच्या पाया पडला, आणि गोठ्यात शिरून फळीकडे बघितलं. मग दाराकडे वळून विचारलं, हे कुणी केलंय? भावजींना त्याच वेळी कुणाचा तरी फोन आला.

वायरमनने सांगितलं ते मला दारात उभं राहूनही समजलं. बटण चुकीच्या तारेत घातलं होतं. जिवंत तार, म्हणजे फेज, बटणातून जायला पाहिजे होती. ती थेट चोकला गेली होती आणि बटण परतीच्या तारेत होतं. त्यामुळे दिवा विझायचा, पण चोक जिवंतच राहायचा. अर्थिंग कुठेच नव्हतं. लाकडाची फळी तापून कधीतरी काळी पडली असती, मग पेटली असती. "काकी कोरड्या पाटावर हुत्या म्हणून निभावलं," तो म्हणाला. "खाली ओल्यात असत्या तर मी आज सोनं द्यायला आलो नसतो."

मग त्याने काय काय पाहिजे ते सांगितलं. चोकना पत्र्याचा डबा, हवेला भोकं, दार बंद होणारा. डबा छातीच्या वर, पाण्यापासून लांब. दोन चोकमध्ये बोटभर नव्हे, वीतभर जागा. प्रत्येक चोकच्या लोखंडाला आणि डब्याला अर्थची हिरवी तार. दिव्याकडची वायर उष्णता सोसणारी. आणि थोडा जरी करंट भलतीकडे गेला तर आपोआप खाली पडणारा स्विच. बंद केल्यावरही डबा लगेच उघडायचा नाही, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये करंट थोडा वेळ बसून राहतो.

मला एक विचारायचं होतं. ह्यांनी विचारावं म्हणून वाट बघितली. त्यांनी विचारलं नाही. शेवटी मीच विचारलं, मांडणीवरच्या सगळ्यात वरच्या ट्रेमधलं पाणी डब्याच्या भोकातून आत जाईल का? वायरमनने भिंत बघितली, ट्रे बघितले, आणि म्हणाला, जाईल की. भोकं मग खालच्या बाजूला आणि कडेला ठेवू, वर नको. वर उतरतं छप्पर करू.

डबा ह्यांनीच कारखान्यात केला. दसरा झाला होता, हत्यारं मोकळी झाली होती. सगळे वेल्ड घासून गुळगुळीत केले, राखाडी रंग मारला. वायरमनने तारा भरल्या, बटण बंद करून टेस्टर चोकला लावला. टेस्टर पेटला नाही. सासूबाईंना समोर बोलावून परत लावून दाखवला. त्यांना एकदा बघून पटलं नाही, तिसऱ्यांदा पटलं.

डब्याच्या दाराला कुलूप होतं. वायरमनने विचारलं, किल्ली कुणाकडं द्यायची? असली किल्ली एकाच माणसाकडं असावी, म्हणजे कुणी न विचारता उघडत न्हाई. भावजींनी हात पुढे केला. ह्यांनी तो बाजूला सारला आणि किल्ली माझ्या हातात दिली. मग डब्यावरचा रंग वाळला का ते बघायला लागले.

त्या रोपांतली थोडी अंगणात कोंबड्यांनी खाल्ली, बाकीची उभी राहिली. कागलचे शेतकरी रोपं न्यायला आले तेव्हा सासूबाई कुणाकडे तरी गेल्या होत्या. त्यांच्यापैकी एक जण ट्रे बघता बघता डब्यापाशी गेला आणि हे काय म्हणून त्याच्या दारावर थाप मारायला हात उचलला.

"पावणं, हात लावू नका," मी म्हटलं. "तिकडून लांब उभं ऱ्हावा. रोपं मी दावते."