सुईवरचं वजन

गळ्याच्या ऑपरेशनमध्ये आत्याचा आवाज गेला. उरली ती कुजबुज, कान तिच्या तोंडाशी नेला तरच ऐकू येणारी. तरुणपणी ती चळवळीच्या कलापथकात होती. जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात ट्रॅक्टरवर उभी राहून भोंग्याशिवाय गायची. त्या पथकानं एकदाच, वर्गणी करून, एक रेकॉर्ड काढली होती. दवाखान्यातून घरी आल्यावर ती माझ्या कानाशी म्हणाली, "माही रेकॉर्ड लाव. एकडाव ऐकू दे मला."

लावली, तर नुसती घरघर. सुईला मळाचा गोळा धरला होता. आमच्या घरात वडिलांचा छापखाना होता. ओल्या शाईची पत्रकं वाचतच मी मोठी झाले. छपाई झाली की अक्षरांचे शिशाचे खिळे रॉकेलनं घासायचे, हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून येत होतं. तोच ब्रश, तेच रॉकेल मी सुईला लावलं. दोनदा. दुसऱ्या दिवशी सुई धरणारी बारीक दांडी एका अंगाला लोळलेली.

हिंगोलीत एक म्हातारे रेडिओ मेकॅनिक आहेत. आता मिक्सर आणि पंखेच दुरुस्त करतात. मशीन आणि रेकॉर्ड घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी भिंग लावलं, मग वास घेतला.

"रॉकेल लावलं व्हय?"

"छापखान्यात खिळे धुतात तसं, काका."

"खिळे शिशाचे असतेत, पोरी. हितं दांडीच्या बुडाशी रबर असतंय, मोहरीएवढं. ते फुगलं. झाली तुमची क्रांती."

"नवी सुई बसवा ना."

"हिची सुई? बनवणारेच न्हाई राह्यले."

तरी त्यांनी एका मेलेल्या मशीनचं कार्ट्रिज, सुईसकट असलेली इवलीशी डबी, शोधून काढलं, केसासारख्या चार तारा चिमट्यानं एकेक करून जोडल्या आणि मशीन उचलून शेजारच्या सोनाराकडे नेलं. सुई त्याच्या काट्यावर टेकवली.

"काय मोडायला आणलं, मिस्तरी?" सोनार म्हणाला.

"गप बस. सुईचा भार अडीच ग्रॅम भरू दे. जास्त न्हाई पायजे."

मला हसू आलं. म्हटलं, "एवढं कशाला मोजता? आमच्याकडं सुई उडू नये म्हणून वर रुपया चिकटवायचे."

त्यांचा हात थांबला. "कवापासून?"

"मी जन्मायच्या आधीपासून. दर सभेला."

त्यांनी रेकॉर्ड उजेडात तिरपी धरली. काळ्या रेघांमध्ये राखाडी पट्टे दिसत होते. "जिथं आवाज मोठा, तिथं जड सुई जास्त खाती," ते म्हणाले. "सुई म्या दिली. रेघा कुठून देऊ?"

म्हणजे आत्या सगळ्यात मोठ्यानं गायली, आणि तीच सगळ्यात जास्त खरवडली गेली. आमचा आवाज कुणी दाबू शकत नाही, असं आम्ही शेकडो पत्रकांत छापलं. आणि दर सभेला टाळ्या वाजवत तिचं गाणं पुन्हा लावत राहिलो. आता पत्रक कुणाविरुद्ध काढू?

मशीन घरी आणलं. आत्या उशीला टेकून बसली. ढोलकी स्वच्छ वाजली. कोरस आला, तशी ती हसली. मग तिची ओळ आली, आणि सुपात वाळू पाखडावी तसा आवाज होत राहिला. पुन्हा कोरस, पुन्हा वाळू.

तिनं मला जवळ ओढलं. "सुई खराबच हाय का अजून?"

"न्हाई आत्या. सुई बराबर हाय."

"मग मी कुठंय?"

खोटं बोलायचं नाही, ही आमच्या घरची शिकवण, तिनंच दिलेली. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. कोरस अजून चालूच होता. तिनं हातानं खूण केली, बंद कर, आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मी सुई उचलली. मशीन चांगलं चालतंय. त्यावर लावण्यासारखं घरात दुसरं काही नाही.