घरचा शुद्ध नमुना

औषधात शिसं किती, पारा किती, हे मोजायची माझी नोकरी. सदर भागातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत औषधाची पुडी आम्लात विरघळवायची, त्यात इलेक्ट्रोड बुडवायचे आणि विजेचा दाब हळूहळू बदलत न्यायचा. प्रत्येक धातू आपल्या ठरलेल्या दाबाला पडद्यावर टोक काढून हजेरी लावतो. टोक जेवढं उंच, तेवढा धातू जास्त. यंत्राला कुणाची भीडमुर्वत नसते.

पुडी आणणारा प्रत्येक जण शपथेवर सांगतो, आत नुसता झाडपाला आहे. झाडपाल्यात एवढं शिसं असतं तर विदर्भातल्या बकऱ्या चरता चरता आडव्या झाल्या असत्या.

घरी बाबा सांधेदुखीवर खापा गावच्या एका वैद्यबुवांचं चूर्ण घ्यायचे. वैद्यबुवा ओळखीतले. ओळखीतलं म्हटल्यावर तपासायचं काय डोंबल? लोकांच्या पुड्यांवर मी दिवसभर संशय घ्यायची आणि महिन्यातून एका रविवारी बेसाच्या आमच्या घरून स्कूटीवर खाप्याला जाऊन बाबांची डबी भरून आणायची. इकडे बाबांचं पोट वर्षभर दुखत होतं, हातातून कप सुटत होता. मी मोठी विदुषी, निदान करून मोकळी झाले होते: वय आणि सावजीचा तिखटजाळ रस्सा. रस्सा बंद केला.

मग एक औषधवाला आपल्या रिपोर्टवरून भांडायला आला. "मॅडम, तुमची मशीन त नळाच्या पाण्यातबी शिसं दाखवन."

माझं टाळकं सटकलं. म्हटलं, शुद्ध औषध कसं असतं ते उद्या दाखवते. दुसऱ्या दिवशी बाबांच्या डबीतलं चमचाभर चूर्ण नेलं, सकाळी विरघळवलं आणि दुपारी त्याच्यासमोर यंत्राला लावलं.

शिशाच्या जागी टोक उठलं ते पडद्याबाहेरच गेलं. भांडी धुऊन पुन्हा लावलं, तेच. नुसतं पाणी आणि आम्ल लावलं, तर रेघ सरळ; म्हणजे शिसं चूर्णातच होतं.

"हे कोनाचं हाय?" त्याने विचारलं.

"घरचं," मी म्हणाले. भांडायला आलेल्या माणसाने मला बसायला खुर्ची दिली.

संध्याकाळी बाबांसमोर डबी ठेवली आणि सांगितलं, यात शिसं आहे, हे आजपासून बंद, उद्या रक्त तपासायला जायचं.

"तुई मशीन बिघडली असन," बाबा म्हणाले.

"मशीन बरोबर आहे, बाबा."

"म्हंजे पोट दुखे ते याच्यानं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग माहा रस्सा काहून बंद केला?"

मला हसूही आलं नाही. वैद्यबुवांना दोन शिव्या घालाव्यात म्हणून मी तोंड उघडलं, तर बाबा डबीचं झाकण लावत शांतपणे म्हणाले, "मले त त्या वैद्यावर कधीच भरोसा नव्हता वं. तू यातली शिकलेली, अन् तूच आणून देत होती, म्हणून घेत होतो."