दोघांचे हात मावतील अशी पेटी

"लाथनं बटन तू उशिरा दाबं, म्हनीसन आपला गडी मरना!"

"आनि तू हँडल उलटं कसाले फिरावं?"

गोठ्यामागे जळणासाठी कापसाच्या पऱ्हाट्या मोडता मोडता दगूबाईनं हे भांडण ऐकलं होतं, त्याला आता किती तरी वर्षं झाली. भांडत होती तिचीच दोन पोरं, हेमकांत आणि ललित. शहाद्याच्या स्टँडसमोर व्हिडिओ गेमचं दुकान होतं. मारामारीच्या गेमसाठी खिशात नाणं एकच आणि खेळणारे दोन, म्हणून भावांनी वाटणी केली होती. थोरल्यानं डाव्या हातानं हँडल फिरवायचं, धाकट्यानं उजव्या हातानं बटनं दाबायची. दोघं मिळून एक गडी. आख्ख्या शहाद्यात आपल्याला पाडणारा कुणी नाही, असं पोरं सांगत. आख्ख्या शहाद्याला दुसरा धंदा नव्हता, असं दगूबाई म्हणे.

पुढे हेमकांत सुरतेला नोकरीला लागला. केळीला पाणी द्यायला कुणीतरी हवं होतं. बाप सुकलाल खाटेला खिळला, त्याला शेवटपर्यंत उठवायला-बसवायला कुणीतरी हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे ललित. त्याला कुणी विचारलं नाही. त्यानंही तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर दगूबाईला बरंच वाटलं असतं. हँडल फिरवणारा गेला आणि बटनं दाबणारा राहिला, एवढीच काय ती त्याची कथा. भाऊ दिवाळीला येई, फोनवर बोलत बसे आणि जाई. दोघांत बोलणं उरलं होतं ते पाऊस कसा आणि बस किती वाजता, एवढंच.

यंदा मात्र ललितच्या डोक्यात खूळ शिरलं. त्याची मुलगी भूमिका कॉलेजात शिकते. तो जुना गेम आता घरच्या कॉम्प्युटरवर खेळता येतो, आणि दुकानातल्यासारखं हँडल नि बटनं असलेली पेटीही मिळते, हे तिनंच त्याला सांगितलं.

"भाऊ दिवाळीले येई तवय आम्ही दोन्ही खेळसूत," ललित म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच वस्तू.

भूमिकानं फोनवर सगळं धुंडाळलं. "पप्पा, ही मागवा. नव्या माणसाले हीच बरी. लहान शे, पन वजनदार, मांडीवरून सरकत नही. हँडल, बटन खराब झालं ते बदलता येस. ती दुसरी मोठी शे, पन तिन्हं काहीच बदलता येत नही."

ललितनं त्या लहान पेटीच्या मापाचा पुठ्ठा कापला. खाटेवर माय शेजारी बसवली आणि पुठ्ठा दोघांच्या मांडीवर ठेवला. "माय, तुन्हा डावा हात आठे ठेव." दगूबाईनं ठेवला. माय-लेकाची कोपरं एकमेकांवर आपटली.

"नही जमस. मोठीच मागव," ललित पोरीला म्हणाला.

"पप्पा, एका पेटीवर एकच माणूस खेळस!"

"एकला?" ललित हसला. "एकला कसा खेळी?"

मोठी पेटी आली. हलकी, सुपासारखी. ललितनं बटनं दाबून पाहिली, पण हँडलला हात लावला नाही. ते भाऊचं.

दिवाळीला हेमकांत आणि त्याची बायको दामिनी आले. फराळ झाल्यावर ललितनं कॉम्प्युटरला जोडलेली पेटी पुसून भावापुढे ठेवली आणि खाटेवर त्याला खेटून बसला.

हेमकांतचे डोळे चमकले. दगूबाईनं ते पाहिलं, खोटं कशाला सांगायचं. पण मग त्यानं पेटी उलटी करून बोटानं ठोकली.

"पोकळ आहे रे. हँडलही ढिलं. मला विचारायचं होतंस. माझ्याकडे सुरतला चांगल्या दोन आहेत. ऑफिसची मंडळी येतात ना दर रविवारी खेळायला."

दर रविवारी. दगूबाई फराळाची ताटं उचलत होती, ती थांबली.

हेमकांतनं पेटी स्वतःच्या मांडीवर मधोमध घेतली. डावा हात हँडलवर, उजवा बटनांवर.

"भाऊ, बटनं मी..." ललितचा हात पुढे आलेला.

"अरे, सरक ना जरा. कोपर लागतंय."

ललित सरकला. पुढे आलेला हात तसाच नेऊन त्यानं चिवड्याची ताटली उचलली, जणू त्यासाठीच पुढे केला होता. हेमकांत एकटा खेळला आणि जिंकला. दामिनी म्हणाली, "बघा, अजून पोरकटपणा जात नाही यांचा."

भांड ना रे, दगूबाईच्या ओठावर आलं होतं. गोठ्यामागे भांडला होतास तसा भांड. पण ललित विचारत होता, "भाऊ, चहा ठेवू का?"

परतीच्या दिवशी नेहमीसारखा ललित शहाद्याच्या स्टँडवर पुढे गेला. दगूबाई पाहुण्यांबरोबर रिक्षातून मागून पोचली, तेव्हा सुरतेची बस आत शिरत होती. ललित बसबरोबर धावला, खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या, मग गर्दीतून वर चढून पिशव्या फळीवर ठेवल्या आणि केळ्यांची फणी दामिनीच्या पायाशी नीट लावली.

हेमकांत बसता बसता म्हणाला, "पुढच्या दिवाळीला गाडी घेऊन येऊ. हे रुमाल-बिमाल बंद आता."

"बरं व्हई भाऊ," ललित म्हणाला. भावाच्या अंगाखाली दबलेला रुमाल त्यानं हळूच ओढून घेतला, झटकला, चौकोनी घडी करून खिशात ठेवला आणि खाली उतरला.